दिवटखिंडीचा शिक्का

जीप ग्रामपंचायतीच्या दारात थांबली, तेव्हा मी जावक रजिस्टरमध्ये लाल शाईनं रेघ मारत होतो. ती रेघ वाकडी गेली. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून गेलेली तेवढी एकच वाकडी रेघ.

जीपमधून चौघं उतरले. पुढे जालिंदर रणवरे, पांढराशुभ्र सदरा, कपाळाला गंध.

"बसा भाऊसाहेब, उठू नका," तो म्हणाला.

मी उठलोच नव्हतो. 

जालिंदर रणवरेला सगळा तालुका ओळखून होता. त्याचे खडी क्रशर होते, डंपर होते, आणि दीड वर्षापासून आमच्या गावाच्या उजव्या डोंगरावर त्याचा डोळा होता. डोंगर फोडायचा तर ग्रामपंचायतीचा ना हरकत ठराव लागायचा. ग्रामसभेनं तो दोनदा फेटाळला होता. त्या डोंगराच्या पोटातून गावाचा झरा निघायचा. साठ उंबऱ्यांच्या दिवटखिंडीला तेवढंच पाणी. डोंगराला सुरुंग लागला की झरा गेला, हे सांगायला कुणा भूगर्भवाल्याची गरज नव्हती.

मी त्या गावचा ग्रामसेवक होतो. वय चोवीस, पहिलीच नेमणूक. गावात ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात, म्हणून माझ्या आजोबांच्या वयाची माणसंही मला भाऊसाहेब म्हणायची आणि मला ते आवडायचं. दुसरं काही मोठेपण माझ्यात नव्हतं. अक्षर मात्र छापल्यासारखं होतं. आणि मी भित्रा होतो. शाळेत फळा पुसायला उठवलं तरी मला घाम फुटायचा.

"सरपंचबाई कुठायत?" रणवरेनं विचारलं.

"शिवारात. भुईमुगाची काढणी चाललीय."

"एक माणूस पाठवलाय आणायला. तोवर चहा नको, पाणी द्या. तुमच्या झऱ्याचं गोड असतं म्हणतात."

मी माठातलं पाणी दिलं. तो सावकाश प्यायला. त्याचे दोघं आत आले. एकजण उंबरठ्यावर बसला आणि अडकित्त्यानं सुपारी कातरू लागला. सुपारी कातरून झाली तरी त्याचा अडकित्ता थांबला नाही. नुसताच उघडायचा, मिटायचा. त्याचा बारीक आवाज खोलीभर होत राहिला. दुसरा माझ्या खुर्चीमागं उभा होता, आणि मला त्याचा श्वास मानेवर लागत होता. सकाळचे दहा वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं, आणि हाकेच्या अंतरावर माणूस नव्हतं.

चांगुणामावशी आल्या, त्या मातीच्या हातांनी. राखीव जागेवर निवडून आलेल्या सरपंच, पण नावापुरत्या नव्हेत. ग्रामसभेत त्या उठून उभ्या राहिल्या की गडीमाणसांची कुजबुज थांबायची. त्यांनी रणवरेला पाहिलं, उंबरठ्यावरच्याला पाहिलं आणि पदराला हात पुसले.

"काय काम काढलं शेठ?"

"मावशी, तुमचा महादू सकाळपासून माझ्या क्रशरवर आहे," रणवरे म्हणाला. "तेवढं सांगावं म्हटलं. तुम्हाला काळजी नको."

महादू त्यांचा एकुलता मुलगा. शेजारच्या गावात ट्रॅक्टर चालवायचा.

"त्याला कशाला नेलाय?"

"नेलाय कुठं? बोलावलं, आला. चहा पितोय. पट्ट्याशेजारी बाकडं आहे, तिथं बसवलाय. मी म्हटलं त्याला, जपून बस बाबा, पट्टा फिरता असतो. सदऱ्याची बाही जरी अडकली तरी माणूस आत जातो." त्यानं तांब्या खाली ठेवला. "दुपारी एकला मी तालुक्याहून फोन करतो. ठराव पोचला, असं कळवलं की महादू घरी."

मावशी भिंतीला टेकल्या आणि हळूच खाली बसल्या. त्यांच्या ओठांना रंग राहिला नव्हता. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लिवा भाऊसाहेब. ते सांगतील तसं."

मी लिहिलं. न भरलेल्या ग्रामसभेचा ठराव मी लिहिला. सूचक लिहिला, अनुमोदक लिहिला, 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलं. आश्चर्य म्हणजे माझं अक्षर जराही हललं नाही. तळवे ओले झाले होते, आणि कागदावर मोत्याची ओळ उतरत होती.

"वा," मागचा श्वास म्हणाला.

आता शिक्का राहिला.

या शिक्क्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. इतर ग्रामपंचायतींचे शिक्के रबराचे असतात, तालुक्याच्या ठिकाणी पेठेत बनवून मिळतात. दिवटखिंडीचा शिक्का पितळी होता, जुन्या जहागिरीच्या काळातला. ग्रामपंचायत झाली तेव्हा गावानं हट्टानं तोच ठेवला, फक्त कडेनं नवीन अक्षरं कोरून घेतली. मधलं चिन्ह जुनंच. दोन डोंगर, त्यांच्यामध्ये एक जळती दिवटी, आणि खाली पाण्याच्या तीन रेघा. मुठीला एका बाजूला खाच होती. अंगठा त्या खाचेत बसवला की डोळे मिटून मारला तरी शिक्का सरळ पडायचा.

दसऱ्याला गावात शस्त्रांऐवजी या शिक्क्याची पूजा व्हायची. रुजू झाल्यावरच्या पहिल्या दसऱ्याला मीही होतो. शिक्का चिंचेनं घासून लखलखीत करायचं काम गेनूनाना नाईकाचं. नाना खिंडीच्या तोंडाशी एका खोपटात राहायचा. त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खिंडीची राखण होती. आता राखायला काही उरलं नव्हतं, पण एक रीत उरली होती. गावाबाहेर जाणारा प्रत्येक ठराव खिंडीत नानाला दाखवायचा. नानाला अक्षर ओळखत नव्हतं. तो फक्त शिक्का बघायचा, कागद कपाळाला लावायचा आणि रस्त्यावर आडवा ठेवलेला सागाचा ओंडका उचलायचा. एस. टी.चा ड्रायव्हरसुद्धा तिथं गाडी थांबवून हसत बसायचा.

"ह्ये दोन डोंगर म्हंजी आपलंच," शिक्का घासता घासता नाना मला समजावत होता. "ह्यो डावा, ह्यो उजवा. खालच्या रेघा म्हंजी झऱ्याचं पाणी. डोंगर हाय तवर पाणी हाय, म्हून डोंगराच्या खाली रेघा. आनि मधी दिवटी. जुन्या काळी खिंडीवर चौकी व्हती. वाट मोकळी असंल, चौकी आपल्या मानसांच्या हातात असंल, तर ही दिवटी पेटायची. पलीकडचं लोक दिवटी बघून मंग खिंडीत पाय टाकायचे."

"आणि आता?"

"आता कागदावर पेटती," असं म्हणून नाना दात नसलेल्या तोंडानं हसला. त्या दिवशी तो बराच वेळ बोलत होता.

तर, मावशींनी सही केली, पेटी उघडली. फडक्यातून शिक्का काढला, पॅडवर टेकवला आणि ठरावावर दाबला. दाबताना त्यांनी डोळे मिटले होते.

त्यांनी हात उचलला. शिक्का उलटा पडला होता. पाण्याच्या रेघा वर, डोंगर खाली लोंबकळलेले, आणि मध्ये दिवटी डोकं खाली करून.

"झालं?" रणवरे उठला. त्यानं कागदावर नजर फिरवली. शिक्का आहे, सही आहे, एवढंच त्यानं पाहिलं.

"मावशी," मी म्हणालो, "शिक्का उलटा पडला."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "पडू द्या."

"कागद परत येईल. पंचायत समितीत उलटा शिक्का चालत नाही."

"पडू द्या म्हनते ना भाऊसाहेब." त्यांचा आवाज इतका खाली गेला होता, की मला तो ओठांवरूनच कळला.

रणवरे थांबला. त्यानं कागद पुन्हा उचलून डोळ्यांजवळ धरला. "उलटाच की. म्हातारपण हो, दुसरं काय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "परत येईल म्हणता?"

"मागच्या महिन्यात एक आलाय," मी म्हणालो. "दुसऱ्या कागदावर लिहितो. दहा मिनिटं."

"लिहा. मला पुन्हा हेलपाटा नको. भाऊसाहेब, तुमच्यासारखी चोख माणसं पाहिजेत हो गावाला."

मी सगळा ठराव दुसऱ्या कागदावर उतरवून काढला. अडकित्ता उघडत होता, मिटत होता. मावशी भिंतीशी बसून माझ्या हाताकडे बघत होत्या. मी मान वर केली नाही. लिहून झाल्यावर कागद त्यांच्यापुढे सहीला ठेवला आणि शिक्का माझ्या हातानं पॅडवर टेकवून, खाच त्यांच्या अंगठ्याकडे करून, त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दाबला. दिवटी सरळ उभी राहिली.

पहिला कागद मी चार घड्या घालून खिशात टाकला.

ठराव पोचवायला ग्रामसेवकच लागतो, म्हणून मलाही जीपमध्ये बसवलं. मागच्या सीटवर, दोघांच्या मधोमध. अडकित्तावाला डावीकडे. खिंडीपर्यंत दोन किलोमीटर रस्ता होता आणि दोन्ही अंगांना शिवारात गाव पसरलं होतं. वाकून शेंगा उपटणाऱ्या बायका दिसत होत्या. कुणी मान वर करून जीपकडे बघत होतं आणि पुन्हा वाकत होतं. मी ओरडलो असतो तर ऐकू गेलं असतं. मी समोर बघत बसलो.

खिंडीत सागाचा ओंडका आडवा होता. ड्रायव्हरनं ब्रेक लावला.

"हे काय नाटक?" रणवरेनं विचारलं.

"रीत आहे. म्हातारा शिक्का बघतो आणि सोडतो."

"दाखवा बाबा. रीत ती रीत."

नाना खोपटातून बाहेर आला. खोपटाच्या दाराशी त्याचं शिंग टांगलेलं होतं, लांब, काळं पडलेलं. त्यानं जीपमध्ये डोकावून पाहिलं. रणवरेला पाहिलं, माझ्या दोन्ही बाजूंच्या माणसांना पाहिलं आणि मग मला पाहिलं. त्याच्या कपाळाला आठी पडली. मी खिडकीतून कागद पुढे केला. 

नानानं कागद दोन्ही हातांत घेतला. उन्हात धरला. बराच वेळ बघत राहिला. एकदा कागद, एकदा माझं तोंड.

"सरळ हाय," तो स्वतःशीच म्हणाला, जसं काही ते त्याला पटत नव्हतं. "भाऊसाहेब, समदं ठीक?"

डावीकडचा अडकित्ता मिटला आणि उघडला नाही.

"ठीक आहे नाना," मी म्हणालो.

त्यानं कागद कपाळाला लावला, परत दिला आणि ओंडका उचलला.

ठराव दुपारी बाराच्या आत पंचायत समितीत पोचला. रणवरेनं शब्द पाळला, तेवढं कबूल करायला हवं. संध्याकाळी मी एस. टी.नं परतलो तेव्हा महादू घरी आला होता. अंगावर ओरखडा नव्हता. अंगणात बसून नुसता रडत होता, ट्रॅक्टर चालवणारा तो धिप्पाड गडी. मावशींच्या ओट्यावर गेनूनाना बसला होता. मी गेलो तसे दोघंही गप्प झाले.

"बसा भाऊसाहेब," मावशी म्हणाल्या.

मी बसलो.

"तुमास्नी सांगायचं राह्यलं व्हतं. चूक माझीच. सरपंच झाल्यावर आधीच्या सरपंचानं माझ्या कानात सांगितलं, तसं मी तुमास्नी सांगाया पायजे व्हतं." त्यांनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं पुन्हा बोलू लागल्या. "जुलमानं शिक्का मारायची येळ आली, तर दिवटी उलटी मारायची. दुसऱ्याला वाटतं चुकून पडला. खिंडीत नाईक बघतो. उलटी दिवटी दिसली की शिंग फुकायचं, वाट आडवायची. शिवारात सगळं गाव व्हतं आज. दोनशे मानूस जमलं असतं. रणवरे आपल्या ताब्यात आला असता, मंग महादूलाबी सोडवला असता आनि डोंगरबी राह्यला असता."



"नका मनाला लावून घिऊ," त्या म्हणाल्या. "तुमी परगावचं. तुमास्नी काय ठावं."

गेनूनाना जमिनीकडे बघत होता. 

पुढचं सगळं ठरावाप्रमाणे झालं. मावशी तालुक्याला गेल्या, जिल्ह्याला गेल्या, अर्ज केले. पण सही त्यांची होती, शिक्का सरळ होता आणि तक्रार करायची तर महादू क्रशरवर चहा पीत होता एवढंच सांगता येत होतं. उजव्या डोंगराला माघात पहिला सुरुंग लागला. दुसऱ्या उन्हाळ्यात झरा आटला आणि टँकर आला, तो आजही येतो. डंपर जायला खिंड रुंद केली तेव्हा नानाचं खोपट पाडलं. शिक्क्यात अजून दोन डोंगर आहेत. गावाला एकच उरलाय.

त्या गावानं मला कधी बोल लावला नाही. उलट कुणी नवा माणूस विषय काढायला लागला की तेच म्हणायचे, "भाऊसाहेबांचा काय दोष? त्यास्नी ठाऊकच नव्हतं." इतकी मायाळू माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत. त्यांच्या मायेनं मला जेवण जात नसे.

कारण मला ठाऊक होतं.

दसऱ्याच्या दिवशी शिक्का घासता घासता गेनूनानानं मला सगळं सांगितलं होतं. डोंगर सांगितले, रेघा सांगितल्या, दिवटी सांगितली आणि मग आवाज खाली आणून म्हणाला होता, "आनि दिवटी उलटी दिसली तर समजायचं, हात गावाचा हाय पर मर्जी गावाची न्हाई. ह्ये सरपंचाला ठावं आनि मला. तुमच्या हातनं कागद जात्यात, म्हून तुमास्नी सांगून ठिवतो. कुनाला बोलू नगा." मी मान हलवली होती. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

म्हणून ठरावावरून मावशींनी हात उचलला आणि दिवटी उलटी दिसली, त्या क्षणी मला सगळं कळलं. खिंड अडणार. शिंग वाजणार. आणि त्या वेळी मी कुठे असणार? जीपमध्ये, त्या दोघांच्या मध्ये, अडकित्त्याच्या शेजारी. गाव धावत येईपर्यंत माझं काय होईल, एवढाच एक विचार माझ्या डोक्यात आला. डोंगर आला नाही, झरा आला नाही, महादूही आला नाही. पंचायत समितीत गोल शिक्का सरळ आहे की उलटा, हे कधी कुणी पाहिलेलं नाही. त्या कारणानं माझा एकही कागद परत आला नव्हता.

त्या ओट्यावर मावशी मला माफ करत होत्या, तेव्हा नानाला हे समजलं होतं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. का, ते मला आजही कळलेलं नाही.

पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली. गावानं नारळ दिला, टॉवेल-टोपी दिली. मावशींनी कार्यमुक्तीच्या कागदावर शिक्का मारून दिला. खोपट तेव्हा अजून उभं होतं. एस. टी. थांबली. मी खाली उतरून कागद नानापुढे धरला. त्यानं कागदाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत होता.

"बघा ना नाना," मी म्हणालो.

"बगायचं काय त्यात," तो म्हणाला. "तुमच्या हातचा कागद. सरळच असनार." आणि त्यानं ओंडका उचलला.

आता निवृत्त होऊनही चार वर्षं झाली. अजून दारात जीप थांबल्याचा आवाज आला की माझे तळवे ओले होतात. बायको म्हणते, शेजारच्यांकडे पाहुणे आलेत हो. मी हो म्हणतो. मग कपाटातून तो चार घड्यांचा कागद काढून बसतो. घड्यांवर तो फाटायला आलाय, शाई मात्र पक्की आहे. वर माझं छापल्यासारखं अक्षर, खाली डोकं टेकलेली दिवटी. कागद फिरवून धरला की दिवटी सरळ उभी राहते.

"काय आहे हो ते?" बायको विचारते.

"काही नाही," मी सांगतो. "रद्द झालेला कागद आहे."